माघातली कर्टुली

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कपिलधारच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या काठावर ते आहे, एवढं पुरे. नाव का लपवतो ते पुढे कळेलच, आणि कळल्यावर माझ्याविषयी फार बरं मत राहणार नाही हेही मला ठाऊक आहे. राहूही नये. मी इथला किराणा दुकानदार. गाव मला राजेश्वरआप्पा म्हणतं. दुकान वेशीजवळ आहे, समोर कडुलिंबाचा पार आहे, त्यामुळे गावात जे काही ठरतं किंवा मोडतं ते माझ्या डोळ्यांदेखत. चाळीस वर्षं मला वाटत आलं की आपण नुसते बघणारे. ही गोष्ट गंगासागरची आहे, पण तिच्यात मीही आहे, आणि नको तिथे आहे.

गंगासागर म्हणजे रामहरीची बायको. वय चौतीस. अंगानं वाळकी, चालणं भरभर आणि तोंड त्याहून भरभर. माझ्या दुकानात ती सामानासाठी कमी आणि रिकाम्या डब्यांसाठी जास्त यायची.

‘‘आप्पा, तेलाचा गळका डबा हाय का एखादा?’’

चांगला डबा दिला तर घ्यायची नाही. गळकाच हवा. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘‘गळका डबा मागणारं गिऱ्हाईक अख्ख्या तालुक्यात तू एकलीच असशील.’’

‘‘आन् गळका डबा जपून ठेवनारे वाणी तुमी एकलेच,’’ ती म्हणाली आणि डबा डोक्यावर पालथा घालून निघून गेली. माझी बायको शिवांजली आतून हसली. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि त्याच वर्षी ती उसाच्या फडात गेली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरवर चढवणार. एकट्या माणसाला टोळीत कोणी घेत नाही. दोन बाळंतपणं तिनं फडाच्या कडेलाच काढली. पहिला रामेश्वर, मग स्वप्ना. सव्विसाव्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. बीडच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढायला सांगितली आणि काढलीही. दुखणं असलं की खाडा पडतो, पिशवी काढली की कटकट मिटते, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. कटकट मिटली नाही. कंबर गेली, हाडं दुखायला लागली, मोळी उचलता येईना. मग मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या सुग्रीवनं, सांगितलं की हिला आता घरीच ठेवा. पुढे रामेश्वर हाताशी आला तसा बापलेकाचा कोयता झाला. गंगासागर आणि स्वप्ना गावात मागे राहायला लागल्या.

दसऱ्यानंतर आमचं गाव रिकामं होतं. राहतात ती म्हातारी माणसं, आम्ही दोन-चार दुकानदार आणि ज्यांच्याकडून काम होत नाही असे. त्या रिकाम्या गावात गंगासागरला डोंगराचा नाद लागला.

तिच्या घरामागे दरी उतरते. रामहरीच्या वाट्याला तिथली एक खडकाळ पट्टी आली होती. त्यात कोणी कधी बी टाकलं नव्हतं. एका कपारीतून बोटभर झिरा वाहतो, तो उन्हाळ्यात बारीक होतो पण आटत नाही. दरीला ऊन उशिरा पोचतं. बीडला लोक पंखे लावतात तेव्हा त्या दरीत सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. अशा जागी तिनं रानातल्या भाज्या लावायला सुरुवात केली. कडवंची, वाघाटी, आणि सगळ्यांत जास्त कर्टुली. कर्टुली आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरात आपोआप येतात. काटेरी, हिरवी, लिंबाएवढी. लोक ती शोधून आणतात, लावत कोणी नाही. आणि लावायचीच तर पावसाच्या तोंडावर लावतील. ही बाई माघात लावायची.

मी तिला वेड्यात काढलं होतं. थंडीत कंद मातीत घातला तर तो उगवत नाही, कुजतो. पण तिनं त्याचा उपाय काढला होता. पावसाळा सरला, वेल वाळले की ती डोंगरातून कंद खणून आणायची आणि राखेत घालून मडक्यात ठेवायची. माघ लागला की ते मडकं उकिरड्यात पुरायची. उकिरड्याच्या उबेनं कंदाला डोळे फुटायचे. मग दगडांच्या उन्हाकडच्या अंगाला एकेक कंद लावायचा, शेजारी माझा गळका डबा ठेवायचा. डबा दिवसभर ठिपके गाळणार. तेवढंच पाणी. रोज दुपारी ती मातीत कोपरापर्यंत हात घालून बघायची. ‘‘अजून गार हाय, आप्पा. दोन दीस थांबते,’’ असं मला येऊन सांगायची, जणू मीच तिचा हवामान खात्याचा साहेब.

या गोष्टीच्या आदल्या वर्षी तिनं पाच वेल लावले होते आणि चैत्रात, भर उन्हाळ्यात, ओंजळभर कर्टुली माझ्यासमोर ओतली होती. त्या दिवसांत अख्ख्या जिल्ह्यात कोणाच्या ताटात कर्टुलं नसेल. शिवांजलीनं कांदा घालून केली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

आता मूळ गोष्ट.

गेल्या खेपेला दसरा झाला आणि टोळीचे ट्रॅक्टर वेशीत लागले. सुग्रीव मुकादम माझ्या दुकानासमोर उभा होता. त्याच्या पुतण्याला कोयता धरायचा होता, पण बायको नव्हती. त्यानं रामहरीकडे स्वप्नाला मागितलं होतं. स्वप्ना चौदा वर्षांची, नववीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न उरकायचं आणि पुढच्या दसऱ्याला जोडी फडात, असा बेत.

गंगासागर ट्रॅक्टरच्या आडवी उभी राहिली. ‘‘पोरगी शिकायलीय. लगीन न्हाई.’’

रामहरी वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. तो थकलेला माणूस होता. म्हणाला, ‘‘तरनी पोर गावात ठिवून मी सहा म्हैने फडात जीव मुठीत धरून ऱ्हातो, ते तुला काय ठावं? तुझ्यानं धड घागर उचलत न्हाई. दोघीला खायाला कोन घालनार?’’

‘‘मी घालीन. दरीतली पट्टी पिकवीन.’’

माणसं हसली. रामहरीही हसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘बरं. आखाजीच्या आत त्या दगडातनं एक पाटीभर भाजी-माळवं काढून दाखव. पाटी भरली तर पोरगी तुझी, बारावीपत्तुर कुनी नाव काढनार न्हाई. न्हाई भरली तर लगीन.’’

तो बोलला गमतीत. तिनं मात्र ते पकडून ठेवलं. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘‘आप्पा, ऐकलं न्हवं? तुमी साक्षीदार.’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हणालो.

‘‘आप्पाचा शबूद म्हंजी दगडावरली रेघ,’’ सुग्रीव म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. ट्रॅक्टर निघाले.

त्या हिवाळ्यात मायलेकींनी डोंगर पिंजून साठ-पासष्ट कंद आणले. माझ्याकडचे सगळे गळके डबे संपले, तेव्हा शिवांजलीनं दोन चांगल्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून दिली. माघात लावणी झाली. थंडी त्या वर्षी लांबली होती. गंगासागरनं रात्रीचं दव पडू नये म्हणून एकेका कोंबावर खापरी झाकली, सकाळी उचलली, रात्री पुन्हा झाकली. साठांतले बावन्न उगवले. फाल्गुनात वेल काट्यांवर चढले आणि पिवळी फुलं आली. स्वप्ना शाळेतून आली की झिऱ्याचं पाणी भरून डबे भरायची. मी कधी तिकडे फिरकलो तर ती मला वेल मोजून दाखवायची. पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, ते बघून मला समाधान वाटायचं.

एकदा दिवेलागणीच्या सुमाराला मी दरीकडे गेलो होतो. गंगासागर हातात एक फूल घेऊन या वेलावरून त्या वेलावर जात होती, प्रत्येक फुलाला हातातलं फूल हळूच टेकवत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, नवस असेल. बायकांच्या कामात आपण कशाला पडा, म्हणून मी विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

होळीच्या दोन दिवस आधी ती झिऱ्यावर घसरली. पडणं काही मोठं नव्हतं. स्वप्ना सांगत होती, नुसती बसल्यासारखी पडली. पण उजवं मनगट मोडलं आणि कंबरेत काहीतरी लचकलं. बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो बघून विचारलं म्हणे, वय चौतीस आहे की सत्तर? हाडं म्हातारीची झाली होती. दहा दिवस ठेवून घेतलं. स्वप्ना तिच्याजवळ थांबली. जाताना गंगासागर गाडीतून मला ओरडून सांगत होती, ‘‘आप्पा, डब्यात पानी घाला! तेवढं पानी घाला!’’

मी पाणी घातलं. रोज सकाळी दुकान शिवांजलीवर सोडून मी दरीत जायचो, माझे गुडघे दुखायचे तरी जायचो. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. आणि अभिमान वाटला की माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करतो. मी भगवानरावांना सोबत घेऊन गेलो.

भगवानराव म्हणजे आमच्या गावातला शेतीतला शेवटचा शब्द. त्यांची पपईची बाग आहे, बाहेरगावची माणसं बघायला येतात. ते दरीत उतरले, सगळीकडे फिरले आणि म्हणाले, ‘‘बाईनं डोकं लावलंय.’’ मग एका वेलापाशी थांबले. त्या वेलाच्या बुडाशी लाल चिंधी बांधलेली होती. असे सहा वेल होते. सहाही फुलांनी गच्च भरलेले, पण एकाही फुलामागे फळाची गाठ नाही. बाकीच्या वेलांच्या फुलांमागे बारीक काटेरी गाठी दिसत होत्या.

‘‘हे नर हायेत,’’ भगवानराव म्हणाले. ‘‘ह्यांला फळ येत न्हाई. बाईला ठावं हाय, म्हून तर चिंधी बांधली तिनं.’’

‘‘चिंधी कशाला?’’ मी विचारलं.

‘‘काढायला! पपईत आमी नेमकं हेच करतो. नर झाड दिसलं की चिंधी बांधायची, आन् सवड झाली की उपटायचं. नुसतं पानी खातेत. बाई पडली, तिचं काम ऱ्हायलं.’’

मला ते पटलं. का पटू नये? माणूस जाणता, खूण समोर, आणि पाणी तर खरंच कमी पडत होतं. आम्ही दोघांनी सहाही वेल कंदांसकट उपटले. चार त्यांनी, दोन मी. कंद खडकावर फेकले, वेल वरच्या वाटेनं चाललेल्या शेळ्यांना घातले. घरी येऊन मी शिवांजलीला सांगितलं की आज गंगासागरचं मोठं काम हलकं केलं. जेवणही चांगलं गेलं.

गंगासागर परत आली ती हात गळ्यात बांधून. एसटीतून उतरली आणि घरी न जाता सरळ दरीत गेली. मी मागोमाग गेलो, कौतुक ऐकायला. ती वेलांमधून फिरत फिरत एका मोकळ्या खड्ड्यापाशी थांबली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

‘‘नवरदेव कुठं गेले?’’ तिनं विचारलं.

मला काही कळेना. स्वप्नाच्या चेहऱ्याचा मात्र रंग उडाला. तिला कळलं होतं.

मी सांगितलं, भगवानराव काय म्हणाले, पपईत काय करतात, सगळं. गंगासागर ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती हळू आवाजात बोलली. ती हळू बोलते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘‘आप्पा, ह्या नवरदेवांचं फूल बाकीच्या येलांच्या फुलांला लावावं लागतंय. तवा फळ धरतं. फुलामागली गाठ नुसती दावायला असती. फूल न्हाई लागलं की ती पिवळी पडून गळती. चिंधी बांधली व्हती ती चुकून कुनी तोडू नये म्हून.’’

मी गाठींकडे बघितलं. बऱ्याच पिवळ्या पडल्या होत्या. मातीवर मोहरीसारखा सडा होता आणि इतके दिवस पाणी घालताना तो मला दिसला नव्हता.

माझ्या तोंडून निघालं, ‘‘डोंगरातून दुसरे आणू. मी माणसं लावतो.’’

‘‘डोंगर निजलाय, आप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘मिरगाच्या पावसाबिगर तिथं एक कोंब निघत न्हाई. ह्यावक्ताला जागे असलेले नर तेवढे सहाच व्हते.’’

मी खाली दगडावर बसलो. मला वाटलं ती आता शिव्या देईल, मारेल, आणि मला ते हवं होतं. तिनं मात्र स्वप्नाला घेऊन खडकावरचे सुकलेले कंद गोळा केले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि डाव्या हातानं पुन्हा लावले. मग दोघी शेळ्यांच्या वाड्यात गेल्या आणि लेंड्यांतून एखादं फूल उरलंय का ते शोधत बसल्या. दोन-तीन वाळकी फुलं मिळाली. ती त्यांनी संध्याकाळी वेलांना घासून बघितली. काही झालं नाही.

भगवानरावांना मी सांगायला गेलो. ते चिडले. ‘‘पपईला नर लागत न्हाई, ह्याला कसा लागंल? तिलाच पिकवता आलं न्हाई, आन् आता आपल्या डोक्यावर ढकलायली.’’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांचाच चहा प्यालो.

चैत्र सरत आला. पडण्याआधी तिनं ज्या फुलांना हात लावला होता तेवढी कर्टुली धरली. अकरा. लावलेल्या सहा कंदांपैकी दोनांना पुन्हा कोंब फुटले, पण कोंबाला फूल यायला महिना लागतो.

टोळी परतली. आखाजीला पाच दिवस होते. रामहरी आला त्याच्या आदल्या संध्याकाळी गंगासागर दुकानात आली होती. गळ्यातली पट्टी निघाली होती, हात वाकडा जुळला होता. तिनं काहीच मागितलं नाही. तराजूच्या पारड्याला धरून उभी राहिली.

‘‘आप्पा, उद्या त्ये तुमाला इचारतील.’’

‘‘विचारू दे.’’

‘‘त्येंनी काय पाटी बघितलेली न्हाई. पिकलं, इकलं, खाल्लं, संपलं. कुनाला काय कळतंय?’’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘‘तुमी म्हनला तर त्ये मानतील. दुसऱ्या कुनाचं मानायचे न्हाईत.’’

मला तिचं म्हणणं स्वच्छ कळलं. मी म्हणालो, ‘‘मी आहे ना. तू घोर करू नको.’’ हे शब्द मी बोललो. शिवांजली साक्षीला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं जमली. रामहरी उन्हानं काळाठिक्कर पडला होता. सुग्रीव होता, त्याचा पुतण्या होता. भगवानराव कडेला विडी ओढत बसले होते. गंगासागर दुकानाच्या पायरीपाशी आणि तिच्यामागे स्वप्ना, शाळेच्या ड्रेसमध्ये.

रामहरीनं विचारलं, ‘‘मग? भरली का पाटी?’’

‘‘भरली व्हती,’’ गंगासागर म्हणाली. आवाज खणखणीत होता. ‘‘शिमग्यानंतर भरली. आप्पानीच इकून दिली. इचारा त्येंला.’’

सगळे माझ्याकडे वळले. रामहरीच्या तोंडावर मला काय दिसलं ते सांगतो. त्याला हो ऐकायचं होतं. मी तेव्हाही ते बघितलं आणि आजही मला ते दिसतं. त्यालाही पोर द्यायची नव्हती, त्याला फक्त सुग्रीवसमोर एक कारण पाहिजे होतं.

‘‘आप्पा, तुमी सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी खोटं बोलायचे न्हाईत.’’

भगवानरावांनी विडी तोंडातून काढली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. मी हो म्हणालो असतो तर ते उठले असते, किंवा नसतेही उठले. चाळीस वर्षांचा माझा शब्द, गावातला माझा मान, समोर बसलेलं माझं सगळं गिऱ्हाईक, हे सगळं मी त्या एका क्षणात मोजलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘भरली नाही.’’

वेल मी उपटले, हेही मी बोलू शकलो असतो. तेही बोललो नाही. खरं बोलायचं म्हणून जेवढं सोपं होतं तेवढंच बोललो.

गंगासागरनं माझ्याकडे बघितलं नाही. स्वप्नानं बघितलं. सुग्रीव म्हणाला, ‘‘चला, मिटलं,’’ आणि रामहरी मान खाली घालून उठला.

त्या रात्री शिवांजलीनं माझ्यासमोर फोन ठेवला. शाळेच्या भिंतीवर लेकरांच्या मदतीचा नंबर रंगवलेला आहे, तो तिनं कागदावर उतरवून आणला होता. ‘‘लावा,’’ म्हणाली. मी म्हणालो, उद्या लावतो. नाव कळलं तर टोळीतलं एकही घर माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, याचा मी विचार करत होतो. तिनं स्वतः लावायला फोन उचलला तेव्हा तो मी तिच्या हातातून घेतला. हेही लिहून ठेवतो.

आखाजीच्या पहाटे दुसऱ्या गावच्या एका देवळात दहा माणसांत लग्न झालं. हळद, तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या माझ्याच दुकानातून गेल्या. स्वप्नाची शाळेची परीक्षा त्याच आठवड्यात संपली होती. तिला गणितात चांगले गुण मिळाल्याचं नंतर मास्तरांनी सांगितलं. आखाजीनंतर बाराव्या दिवशी दरीतल्या त्या दोन कोंबांपैकी एकाला पहिलं फूल आलं, असं शिवांजली म्हणाली. मी बघायला गेलो नाही.

पावसाळ्यात गंगासागर दुकानात यायची, मीठ-मिरची घ्यायची. बोलायची, पण कामापुरतं. गळका डबा तिनं पुन्हा मागितला नाही. मी दोन डबे तिच्यासाठी बाजूला ठेवले होते, ते तसेच राहिले. चिडवायला म्हणून मी एकदा काहीतरी बोललो, तर ती नुसती ‘‘व्हय’’ म्हणाली आणि सुट्टे पैसे उचलून गेली.

यंदा दसरा झाला आणि ट्रॅक्टर वेशीत लागले. स्वप्ना हिरव्या बांगड्या घालून वर बसली होती. तिला तिसरा महिना होता. पंधरा वर्षांच्या पोरीला तिसरा महिना, आणि डोक्यावर मोळ्या वाहायच्या. तिच्या शेजारी गंगासागर चढत होती. एक हात वाकडा, कंबर धरलेली, वर ओढायला रामेश्वरला खाली यावं लागलं.

मी दुकानातून बाहेर आलो. ‘‘तू कुठं निघालीस? तुला टोळीत कोण घेतं?’’

‘‘सैपाकाला जाते. बिनकोयत्याची,’’ ती म्हणाली. ‘‘तिच्या मोळ्या मी बांधीन, जमतील तेवढ्या. तिला एकलीला कशी सोडू?’’

मला काहीतरी द्यायचं होतं, काहीतरी करायचं होतं. मी म्हणालो, ‘‘गंगासागर, कंद कुठे ठेवलेस? मला दाखवून जा. या माघात मी लावतो. नर कोणता, मादी कोणती, सगळं समजून घेतो. फूल कसं लावायचं तेही शिकव. तू येशील तोवर वेल जगवतो.’’

‘‘कंद डोंगरात लावून आले,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे. जिथनं आनले व्हते तिथं.’’

‘‘अगं, पण का? एवढी मेहनत केलीस...’’

तिनं पदर खोचला, स्वप्नाच्या पाठीमागे पोत्याची घडी नीट केली आणि मग माझ्याकडे बघितलं. दरीतल्या त्या दिवसापासून या दसऱ्यापर्यंत ती जे मला बोलली नव्हती ते सगळं ती आता बोलेल असं मला वाटलं.

‘‘डोंगरात कुनी मदतीला जात न्हाई, आप्पा,’’ ती म्हणाली.

ट्रॅक्टर सुरू झाला. धूर माझ्या अंगावर आला, मी बाजूला झालो. दुकानात एक म्हातारी साखर मागत केव्हाची उभी होती.